मेहुण्याच्या मापाची सायकल

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत बरं का, शिंपी. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्याची छाती-कंबर नजरेनंच मोजून मोकळे. आणि मापात अशा पक्क्या माणसानं उतारवयात शर्यतीची सायकल घेतली ती रंगावर भाळून! वाकड्या शिंगांसारख्या हँडलची, लालभडक.

ती जोडून द्यायला मेहुणा धावून आला. बायकोचा धाकटा भाऊ, ताडमाड उंच, हात गुडघ्याला टेकतील असे. "भाऊजी, तुम्ही फक्त पायडल मारा. बाकी माझ्यावर सोडा."

सोडलं. थोड्याच दिवसांत मास्तरांची करंगळी झोपली, शेजारचं बोटही तिच्या वळणावर गेलं. मनगटं ठणकायला लागली. सुईत दोरा ओवायला घ्यावा तर सुई एकीकडे, दोरा भलतीकडे. एका सदऱ्याची काजं अशी सरकली की तो घालून चांगला धडधाकट माणूस तिरका दिसायला लागला.

बायकोनं फर्मान काढलं. "अहो, हात गेले की दुकान गेलं. रविवारी फिरून आलात की माझ्यासमोर सुई ओवायची. नाही जमलं तर सायकल माझ्या भावाला."

"ताई म्हणते तसंच करा, भाऊजी," मेहुणा म्हणाला. चेहरा इतका दुःखी, की मास्तरांना संशयच आला.

"मग चालवून तरी दाखव. शोभते का बघू."

मेहुण्यानं टांग मारली आणि गल्लीत फेरी घातली. कोपर सैल, मनगट सरळ, पाठ निवांत. सायकल त्याच्या अंगावर शिवल्यासारखी बसली होती! मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पठ्ठ्यानं ती जोडली होती स्वतःच्याच मापानं, पुढची सोय म्हणून.

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. "ये रे, कोट शिवतो तुला."

मेहुणा फुलून हात पसरून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी मास्तर सायकल घेऊन मिस्त्रीकडे. "बाही लांब झालीय, आखूड करा. गळाही खाली उतरलाय, वर घ्या."

"मास्तर, हे सायकलचं दुकान आहे!"

"तिचंच सांगतोय!"

मग मिस्त्रीला उलगडलं. हँडल पुढे धरणारा लांब तुकडा काढून त्यानं आखूड बसवला, हँडल वर उचललं, सीट खाली आणून सपाट केली. ब्रेकचे दांडे किंचित वर फिरवले, म्हणजे मनगट मुडपायला नको. मास्तर बसले. अंगाचा भार हातांवरून उतरून सीटवर गेला, तसा त्यांनी "आहाहा!" असा उसासा सोडला, की मिस्त्रीच दचकला.

रविवारी लांबवर फिरून आले. बायको सुई घेऊन दारातच. दोरा पहिल्या फटक्यात आत!

"चुकून गेला असेल. परत ओवा."

परत ओवला, तोही तिच्याकडे बघत.

मेहुण्याचं तोंड एवढंसं झालं. मास्तरांनी प्रेमानं कोट पुढे केला. त्यानं तो चढवला, तर बाह्या कोपराशीच संपल्या.

"भाऊजी, हा तर तुमच्या मापाचा झालाय!"

"असं होय? तू जोडलेली सायकल मला बसली, तसा मी शिवलेला कोट तुला बसेल, असं वाटलं मला."

बायकोनं भावाकडे पाहिलं, मग सायकलकडे, आणि पदर तोंडाला लावून आत पळाली.

कोट वाया गेला नाही. गार वाऱ्यात सायकलवर निघाले की मास्तर तोच घालतात. खांद्यात झकास बसतो.