काकूंची कपाटं आणि माझी पाटी

ती पाटी मीच रंगवली. निळ्या रंगात, वळणदार अक्षरांत, कोपऱ्यात दोन फुलं काढून: 'वेगळे लेखक, वेगळं प्रेम. आवर्जून वाचा!' आमच्या छोट्या गावच्या शाळेत माझ्या अक्षराला दोनदा बक्षीस मिळालं होतं, त्याचा माज अजून उतरलेला नव्हता. काकू डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी घरी होत्या. आधी एक डोळा, मग दुसरा, असे दोन महिने. दुकान माझ्या ताब्यात होतं, आणि रिकाम्या माणसाला चांगलं काम करायची खाज लवकर सुटते.

काकू माझ्या कुणी लागत नाहीत; मी त्यांच्या दुकानात नोकरीला, आणि अक्षरावरून त्या मला 'मास्तर' म्हणतात. त्या सगळ्यांच्याच काकू. सव्वीस वर्षं त्यांनी एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोनचा बोर्ड सांभाळला आणि निवृत्त झाल्यावर कुलपं दुरुस्त करणारा आणि दातांचा डॉक्टर यांच्या मधल्या अरुंद गाळ्यात पुस्तकांचं दुकान काढलं. त्यात फक्त प्रेमकथा. "निम्म्या शहराची प्रेमं मी जोडून दिलीत," त्या म्हणतात, "आता उरलेल्यांची विकते."

त्यांच्या कपाटांवर लेखकांची नावं नसतात. 'आधी भांडण', 'लहानपणची ओळख', 'लग्नानंतर जमलं' आणि 'दुसऱ्यांदा' अशी चार कपाटं. शेजारच्या डॉक्टरकडचे पेशंट सुजलेला गाल धरून आत येतात आणि निम्म्या तोंडानं विचारतात, "भांडणातलं नवीन काय आलंय?"

या चार कपाटांतून मी एकेक पुस्तक वेचून काढलं. चाकाच्या खुर्चीत बसून लिहिणारी एक शिक्षिका होती. दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट लिहिणारा निवृत्त पोस्टमन होता. परक्या मुलखातून इथे कामाला आलेला एक गवंडी होता. आणि एक इस्त्रीवाली. ती चौकातल्या लाँड्रीत काम करते. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, बोलायचं ते छोट्या वहीतल्या चिठ्ठीवर लिहून देते. या सगळ्यांना दाराशेजारी नवीन कपाट दिलं, वर पाटी ठोकली, आणि लांब उभा राहून स्वतःचीच पाठ थोपटली.

लोक यायचे, पाटी वाचायचे, प्रदर्शनात उभं राहावं तसे हात मागे बांधून मिनिटभर थांबायचे. "स्तुत्य उपक्रम आहे हो," म्हणायचे आणि सरळ 'आधी भांडण'कडे वळायचे. एका बाईंनी तर पाटीचा फोटो काढला आणि दुसऱ्याच कपाटातली तीन पुस्तकं घेऊन गेल्या. काकू रोज फोनवर विचारायच्या, "काय म्हणतंय दुकान?" मी म्हणायचो, "झकास!" कपाटाचं त्यांना आल्यावरच दाखवायचं होतं.

इस्त्रीवालीचं पुस्तक 'आधी भांडण'मध्ये होतं तेव्हा बरं खपत होतं. जळालेल्या शर्टावरून एक बहिरी इस्त्रीवाली आणि एक गिऱ्हाईक भांडतात, तिथून गोष्ट सुरू होते. प्रकाशकानं तिला सांगितलं होतं, सहामाही संपेपर्यंत आमच्या दुकानातून तीस प्रती गेल्या तर दुसरं पुस्तक छापू. चार महिन्यांत एकवीस गेल्या होत्या. माझ्या सन्मानाच्या कपाटात आल्यापासून एकही नाही.

ती दर शनिवारी यायची. एका शनिवारी नव्या कपाटासमोर बराच वेळ उभी राहिली, मग चिठ्ठी सरकवली: 'हे आजारी लोकांचं कपाट आहे का?'

मी खाली लिहिलं, 'नाही, मानाचं.'

'मग मी पोस्टमनच्या शेजारी का? त्याच्या गोष्टीत भांडण कुठंय?'

मी पोस्टमनचं पुस्तक उगाच सरळ केलं. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि लिहिलं, 'तुम्ही वाचलंय का माझं?'

मी लिहिलं, 'हो.' मुखपृष्ठ वाचलं होतं, तेवढ्यावर.

'नायक कसा वाटला?'

तेवढ्यात देवासारखं एक गिऱ्हाईक आलं. 'पुढच्या वेळी सांगतो,' असं लिहून मी सटकलो.

सहामाही संपायला नऊ दिवस उरले असताना काकू आल्या, काळा चष्मा लावून. दारातच थांबल्या.

"हे काय मांडलंयस, मास्तर?"

"काकू, या लोकांना पाठिंबा म्हणून..."

"पाठिंबा! खांब आहेस का तू? विक्री किती?"

मी आकडा सांगितला. म्हणजे सांगण्यासारखा आकडाच नव्हता. काकूंनी कपाळाला हात लावायला घेतला, पण डॉक्टरनं डोळ्यांजवळ हात न्यायला मनाई केली होती. तो हात तसाच हवेत राहिला. मला वाटलं, माझ्या गालाच्या दिशेनं येतोय.

"अरे शहाण्या, सव्वीस वर्षं फोन जोडले. बोलणारा कोण, लंगडा की काळा की गोरा, विचारलं का कधी? कुठल्या खोलीत जोडू, एवढंच विचारलं. गिऱ्हाईक इथे भांडण शोधायला येतं. पुण्य कमवायला नाही येत. काढ ती पाटी!"

पाटी निघाली आणि स्टुलाच्या आखूड पायाखाली गेली. सगळी पुस्तकं आपापल्या घरी परतली. गाल सुजलेल्यांना काकू स्वतः इस्त्रीवालीचं पहिलं पान वाचून दाखवायला लागल्या, डोळ्यांतून पाणी गळत असताना. गिऱ्हाइकांना वाटायचं, फारच करुण पुस्तक दिसतंय. नऊ दिवसांत पाच प्रती गेल्या. एकूण सव्वीस.

दहाव्या दिवशी प्रकाशकाचा एजंट पिशवी घेऊन आला. "चार कमी पडल्या, काकू."

"चूक आमची आहे. दोन महिने पुस्तक चुकीच्या जागी होतं. चार मी घेते."

"दुकानदारानं घेतलेल्या धरत नाहीत. आणि खरं सांगू? तीस झाल्या असत्या तरी कठीणच होतं. मालक म्हणतात, बहिऱ्या नायिकेचं एक झालंय आपल्याकडे, आणखी कशाला?"

"तुमच्या यादीत श्रीमंत कारखानदाराच्या प्रेमात पडणाऱ्या किती?"

"असतील चाळीसेक."

"मग एकेचाळिसावी छापताना म्हणतात का, एक झालंय?"

एजंट कान खाजवत म्हणाला, "मी आपला पिशवी उचलणारा," आणि उरलेल्या प्रती पिशवीत भरू लागला. काकूंनी त्याच्या हातातून दोन काढून घेतल्या. तो पिशवीला गाठ मारून निघाला.

मग काकूंनी प्रकाशकाला फोन लावला. पलीकडून कुणी मुलगी म्हणाली, साहेब मीटिंगमध्ये आहेत.

"बाळ, हे वाक्य सव्वीस वर्षं मीच म्हणत होते," काकू म्हणाल्या. "साहेब समोर बसलेत ना?" पलीकडे फोन ठेवला गेला. आठ दिवसांत अकरा वेळा लावला. साहेबांची मीटिंग अजून चालूच आहे.

दुसऱ्या पुस्तकाचं हस्तलिखित आता काकूंच्या ड्रॉवरमध्ये आहे. आणखी दोन प्रकाशकांना पत्रं गेली. एकाचं उत्तर आलं: 'आमच्या विशेष मालिकेसाठी विचार करू.' 'विशेष' या शब्दावर काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी स्टुलाखालची पाटी पायानं आणखी आत ढकलली.

पहिलं पुस्तक मी अखेर वाचलं. एका बैठकीत, दुकान उघडं ठेवून, दोन गिऱ्हाइकांना परत पाठवून. बाईला भांडण काय लिहिता येतं! पण नायक ठार मठ्ठ आहे. अख्ख्या पुस्तकात चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन शर्टाबद्दल.

शनिवारी ती आली. प्रकाशकाचं तिला काकूंकडून आधीच कळलं होतं. तिनं माझ्यासमोर चिठ्ठी ठेवली: 'नायक?'

"सांग की," काकू म्हणाल्या.

काय सांगू? पुस्तक अडलंय ते माझ्यामुळे, आणि वर नायक मठ्ठ म्हणू? खोटंच 'छान' लिहिलं, तर ती दुसरी पाटी. मी चिठ्ठी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि धूळ झटकायला लागलो.

त्या खिशात आता अशा चार चिठ्ठ्या झाल्यात. शर्ट धुऊन इस्त्रीला टाकायला हवा. पण चौकात लाँड्री एकच आहे, म्हणून तोही तसाच लोंबतोय.