जलराणीच्या रोमधली पाचवी ओळ

भूतबित माझा प्रांत नाही. दुसऱ्यांच्या भुतांना शेपट्या लावून रंगवून सांगणं हा मात्र माझा आवडता उद्योग... त्यामुळे हे खोटं वाटलं तर दोष माझ्याच लौकिकाचा.

रेवदंड्याच्या मच्छीमार सोसायटीला मी एक प्रोग्रॅम लिहून दिलाय. टेबलात प्रत्येक बोटीची एक रो. त्यात बोटीवरच्या माणसांची नावं, एकाखाली एक. आधी रोची उंची ठरलेली होती, खालची नावं कापली जायची. म्हणून मी असं केलं, की मजकूर जितक्या ओळी खाली उतरेल तितकी रो आपोआप उंच व्हावी.

नारळी पौर्णिमेनंतरची दुपार. ‘जलराणी’च्या रोमध्ये नावं चार, उंची पाच ओळींची! स्पेस पुसल्या, नावं पुन्हा टाइप केली... तीच उंची.

“भाऊ, रिकामी जागा हाय तर हाय,” सोसायटीचं काम बघणाऱ्या सुनंदाताई म्हणाल्या. “ती काय तुम्हाला चावते?”

मला चावत होती. मी हट्टाने उंची चार ओळींवर पक्की केली.

तेवढ्यात समुद्रातून दुसऱ्या एका बोटीच्या तांडेलाचा फोन. “जलराणी उलटली, खाडीच्या तोंडाशी. आमच्या बोटीत दोघं हायत, पलीकडच्या बोटीत दोघं. किती होते?”

“चार,” मी म्हणालो.

“मग झाले सगळे. वळतो आम्ही.”

मी स्क्रीनकडे पाहिलं. रो पुन्हा पाच ओळींची झाली होती. माउसला माझा हातही नव्हता.

“थांबा — पाच आहेत!”

“पाचवा कोण?”

“माहीत नाही. शोधा.”

सुनंदाताई कुजबुजल्या, “अवो, यादीत चारच हायत...” मी स्क्रीनवर बोट ठेवून ओळी पुन्हा मोजल्या. पाचच. भीतीसुद्धा वाटत नव्हती.

पाऊण तासाने फोन आला. धर्मा सापडला, डिझेलच्या रिकाम्या कॅनला धरून. जिवंत. एक खलाशी आजारी असूनही बोटीवर आला, म्हणून त्याच्या मदतीला जादा हात म्हणून हा ऐनवेळी धक्क्यावरून चढलेला. असं चढलेल्याचं नाव आमच्याकडे परत आल्यावर सांगतात. दोन्ही बोटींत ओढून घेतलेल्यांना वाटलं, तो दुसरीत असेल.

सुनंदाताईंनी चार नावांखाली धर्माचं टाइप केलं. रो केसभरही हलली नाही.

कोड मी वीसेक वेळा तपासला. चूक नाही, कारणही नाही.

धर्माची बायको दुसऱ्या दिवशी सुरमई घेऊन आली. “भाऊ, तुम्ही पाच म्हणालात म्हणून...” मी सुरमई घेतली. धक्क्यावर आता ही गोष्ट तशीच सांगतात — विचारल्याबरोबर मी पाच म्हणालो. सांगायला बसलो तर मीही तशीच सांगतो.

आधी मी चार म्हणालो होतो, हे तो तांडेल गडबडीत विसरलाय; आठवतंय फक्त सुनंदाताईंना. त्या काही बोलत नाहीत.