रिकामी किटली

भिंगारला आमच्या आळीत एक तरुण टायपिस्ट राहायची. ऑफिसचा जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा तिनं तब्येतीचं मनावरच घेतलं. रेशनच्या मिलोला, त्या तांबड्या परदेशी ज्वारीला, सगळे नाकं मुरडत, ही त्याचीच भाकरी पालेभाजीशी खायची. कुणी पेढा पुढं केला की हात जोडायची.

"तब्येत बरी न्हाई का?" शेजारच्या मावशी विचारत.

"बरी राहावी म्हणून, मावशी."

पंचाईत होती ती चालण्याची. बाईमाणूस कामाशिवाय रस्त्यानं फिरत नसे. म्हणून ती सकाळी दुधाची किटली घेऊन निघायची आणि लष्कराच्या रस्त्यानं झपाझप लांबवर जाऊन यायची. परत येतानाही किटलीची कडी खुळखुळायची, म्हणजे आत दूध नसायचं. मी कुणाला बोललो नाही.

एके सकाळी ती मोकळ्या हातांनी निघाली. मावशींनी हटकलं, "कुठं चाललीस गं?"

"कुठंच न्हाई. नुसती चालतेय."

मावशी ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिल्या.

पुढच्याच आठवड्यात मावशी किटली घेऊन तिच्या मागोमाग निघाल्या. "दूध आणते जरा," मी विचारायच्या आतच त्यांनी सांगून टाकलं.

मावशींच्या गोठ्यात दोन दुभत्या म्हशी होत्या.