सुतळीच्या दोन गाठी

आमच्या घरात जीपचा विषय निघाला की बायको उठून स्वयंपाकघरात जाते. पोरं मात्र मुद्दाम काढतात. "बाबा, ती चिमणीवाली जीप सांगा ना." मग मी रंगात येऊन सांगतो. चिखलात कशी रुतली, बैलांनी उलटी कशी ओढली, गावानं कशी नावं ठेवली. पोरं हसतात, मीही हसतो, आणि जिथं थांबायचं तिथं थांबतो. त्याच्या पुढचं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ते आज लिहून टाकतो.

मी तेव्हा वालूरला शाळेत गणिताचा मास्तर होतो. धाकट्या बहिणीला आम्ही सगळे 'बाई' म्हणायचो, कारण चार वर्षांची असल्यापासून ती आम्हाला हुकूम सोडायची. तिला दिली होती देवगाव फाट्यावरून चार मैल आत. चारही मैल काळी माती. उन्हाळ्यात हा रस्ता पाटीसारखा टणक. श्रावणात मात्र तो रस्ता राहायचा नाही, नुसती माती राहायची आणि ती पायाला धरून बसायची. आणि लेकींनी माहेरी यायचं ते नेमकं श्रावणात, पंचमीला. ज्यानं आणायला जायचं तो मुराळी. आमच्या घरात मुराळी मी.

सुरुवातीची वर्षं मी चालतच जायचो. विजार गुडघ्यापर्यंत, चपला हातात. येताना बाई मागे, डोक्यावर गाठोडं, आणि मी घसरलो की तिचं हसणं आधी ऐकू यायचं, माझं पडणं नंतर.

मग तिला दम लागायला लागला. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यानं काळजाची झडप खराब करून ठेवली होती. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, लांब चालायचं नाही, धक्के बसू द्यायचे नाहीत. चालणं गेलं. बैलगाडीही गेली, कारण श्रावणात त्या रस्त्यानं बैलसुद्धा पोटापर्यंत जायचे. त्या वर्षी पहिल्यांदा पंचमीला बाई आली नाही. आईनं झोका बांधला आणि संध्याकाळी सोडला.

मला ते लागलं. मला काही लागलं की मी विचार करत नाही, वस्तू आणतो. येलदरीकडं धरणावरच्या जुन्या गाड्यांचा लिलाव होता. तिथून मी जीप आणली. रंग खाकी म्हणायचा, कारण दुसरं काय म्हणावं ते कळत नव्हतं. पण चारही चाकांना जोर देणारा छोटा दांडा तिला होता आणि त्या दांड्यावर माझा देवापेक्षा जास्त विश्वास बसला.

भर उन्हाळ्यात ती घेऊन मी बाईच्या दारात गेलो. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"दादा, ही तुही हाय?"

"मही न्हाई तर काय कलेक्टरची?"

"कलेक्टरची असती तर ढकलायला माणसं असती सोबत."

तिला पुढं बसवून गावाला एक चक्कर मारली. तिनं रस्त्यातल्या प्रत्येक बाईला हाक मारली, ओळखीची असो नसो. उतरल्यावर घरातून सुतळी घेऊन आली. एक टोक मला धरायला लावलं, दुसरं स्वतः धरलं. या चाकाच्या मध्यापासून त्या चाकाच्या मध्यापर्यंत सुतळी ताणली आणि दोन्हीकडं गाठी मारल्या.

"कामून गं?"

"असंच. गोठ्यात मावती का बघते."

मी गणिताचा मास्तर. गोठ्यात गाडी मावते का हे बघायला गाडीची पूर्ण रुंदी मोजतात, चाकांमधलं अंतर नाही, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही.

पंचमीला मी जीप घेऊन निघालो. फाट्यावरून आत वळलो, दांडा टाकला आणि अर्धा मैल राजासारखा गेलो. मग माती चाकावर चढली, चाकावरून मडगार्डात भरली, आणि चाकं फिरायचीच बंद झाली. गाडी आपली आपण आडवी होऊन बांधाला टेकली. शेजारच्या शेतातल्या एका म्हाताऱ्यानं दोन जोड्या जुंपून ती उलटी ओढून काढली. निघताना म्हणाला, "मास्तर, गाडी लय भारी हाय. फकस्त चिखलात आणू नका."

तिथून बाईचं गाव साडेतीन मैल होतं. चपला हातात घेऊन मी ते कितीतरी वेळा चाललो होतो. त्या दिवशीही गेलो असतो तर दुपारच्या जेवणाला पोचलो असतो. तिला आणता आलं नसतं, पण तिच्या दारात बसता आलं असतं. पण जीप घेऊन निघालेला मुराळी चिखलानं माखून पायी कसा पोचणार? गाव काय म्हणेल? मी परत फिरलो. वाटेत भेटलेल्या बाईच्या गावच्या एकाजवळ निरोप दिला, "जीप जरा तयार होऊ दे. पुढच्या पंचमीला दारातून उचलून आणतो म्हणावं."

आता हसायचा भाग. पोरांना मी ते रुतणं आणि हे, एवढंच सांगतो.

सेलूला एक मिस्त्री होता. हात सोन्याचा, तोंड फाटकं. पहिल्यांदा आम्ही मडगार्ड कापले, माती अडकू नये म्हणून. त्यामुळं माती अडकायची बंद झाली आणि सगळी माझ्या अंगावर यायला लागली. मग चाकांवरच्या स्प्रिंगांच्या कमानपाट्यांत एकेक पाटा वाढवून गाडी उंच केली. बायको चढताना म्हणाली, "शिडी बी घेऊन टाका एखादी. नणंदेला आणायचंय का आंबे उतरवायचेत?" मग नाल्यातलं पाणी शिरू नये म्हणून धूर सोडायची नळी वर काढून टपाच्या बाजूनं उभी केली. वालूरची पोरं मागं पळत ओरडायची, "गुऱ्हाळ आलं, गुऱ्हाळ!" टायरांना गुंडाळायला बैलांच्या साखळ्या जोडून घेतल्या. बाईसाठी पुढच्या सीटवर सरकी काढलेला कापूस भरून जाड गादी शिवली, धक्के बसू नयेत म्हणून. ती गादी बायकोनं शिवली, हे सांगितलंच पाहिजे.

एक झालं की मला दुसरं सुचायचं. मिस्त्री कपाळाला हात लावायचा. "कायकू सतारे मास्तर बिचारीकू? जैसी है वैसी चलाव."

दुसरी पंचमी आली तेव्हा इंजिन सेलूला मिस्त्रीच्या अंगणात उघडं पडलं होतं. बाईच्या गावचा एकजण बाजाराला आला होता, त्याच्याजवळ तिचा निरोप होता. जीप राहू दे. तू नुसता ये. दोन दिवस बस, जेव, जा.

मी म्हणालो, "आता थोडंच राहिलंय म्हणावं."

दिवाळीत रस्ता वाळला तेव्हा दाजी, म्हणजे बाईचा नवरा, बैलगाडीत कडबा अंथरून तिला हळूहळू फाट्यापर्यंत घेऊन आले. तिथून डांबरी. आत येऊ नको, फाट्यावरच थांब, असा बाईचा निरोप होता म्हणून मी तिथंच जीप घेऊन उभा होतो. बाई वाळली होती. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या. तिला उचलून चढवावं लागलं, एवढी मी गाडी उंच करून ठेवली होती. चढल्यावर तिनं श्वास खाली बसेपर्यंत वाट बघितली आणि मग त्या चिमणीकडं बघून पोटभर हसली. हसता हसता पुन्हा दम लागला.

चार दिवस राहिली. जाताना फाट्यावर उतरली आणि जीपभोवती एक फेरी मारली.

"दादा, काय करायचं ते कर. चाकाला मात्र हात लावू नको."

"तू मला गाडी शिकवायलीस?"

"न्हाई बाबा. तू शिकलेला माणूस. पण चाकं हायेत तशी राहू दे."

मी हसण्यावारी नेलं.

आणि त्याच हिवाळ्यात मला माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी अक्कल सुचली. कच्च्या रस्त्यात बैलगाड्यांच्या चाकोऱ्या पडलेल्या असतात. जीपची चाकं बैलगाडीपेक्षा जवळ. म्हणून एक चाक चाकोरीत पडतं आणि दुसरं मधल्या उंचवट्यावर चढतं. गाडी कलते, घसरते, रुतते. चाकं चाकोरीच्या मापाची केली तर? मिस्त्रीला सांगून चारही रिमा उलट्या बसवल्या. रिम उलटी केली की चाक बाहेर सरकतं. दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं सरकलं. माघात एक अवकाळी पाऊस झाला तेव्हा गावामागच्या गाडीवाटेनं मी जीप घातली. पोरासारखी धावली. दोन्ही चाकं चाकोरीत, गाडी सरळ. मिस्त्रीसुद्धा म्हणाला, "अब जाती." मी त्याला मिठी मारली. त्याच्या अंगाचं ग्रीस माझ्या सदऱ्याला लागलं, ते बायकोनं निघेपर्यंत घासलं. आता येऊ दे पंचमी, मी म्हणालो.

पंचमी यायची होती श्रावणात. चैत्रात एका सकाळी आठवीचा तास चालू होता. बाईच्या गावचा एक माणूस सायकल घेऊन वर्गाच्या दारात उभा राहिला. त्यानं टोपी काढलेली होती. मला फळ्यावरचं गणित पुरं करायचं होतं. मी ते पुरं केलं. का केलं, माहीत नाही.

आई, बायको आणि मी जीपनं निघालो. रस्ता पाटीसारखा वाळलेला. ज्या रस्त्यासाठी मी दोन वर्षं गाडी कापत, उचलत, उलटवत होतो, त्या रस्त्यावर त्या दिवशी कुणाचीही गाडी गेली असती. गावाअलीकडं नाला आहे. त्याच्या उतारावर गाडी खाडकन आदळली. एक बाजू वर उचलली, आईचं डोकं टपाच्या दांडीवर आपटलं. उतारावर कुणीतरी दगड पेरून ठेवले होते.

"कोण्या गाढवानं हे दगड टाकलेत?" मी ओरडलो.

दहाव्याच्या दिवशी सगळं उरकल्यावर आई आणि बायको तेराव्यासाठी मागं राहिल्या, दाजी मला सोडायला नाल्यापर्यंत आले. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "दाजी, हे दगड कुणाला तरी सांगून काढून टाका. गाडी आदळायलीय."

दाजी म्हणाले, "तुमच्या बहिणीनं टाकलेत, मास्तर."

मला कळेना.

"आपल्या विहिरीचा डबर पडलाय न्हाई का तिथं. त्यातला रोज एक. लय मोठा न्हाई, नारळाएवढा. शेताकडं आली की एक दगड उचलायची, इथवर आणायची, ठेवायची आन् बसायची दम खात. मी म्हणलो, मी आणतो की गाडीभर. तर म्हणली, न्हाई, हे मला करू द्या. पाऊस लागला की थांबायची. उघडला की परत सुरू."

मी खाली उतरलो. दगडांच्या दोन ओळी होत्या, समांतर, उतारापासून तळापर्यंत आणि तिथून पलीकडच्या चढावर. तीस-पस्तीस पावलं. बैलगाडीच्या दोन चाकोऱ्यांच्या आत, दोन्ही बाजूंना थोडं थोडं अंतर सोडून. कुठल्याच बैलगाडीचं चाक त्यांवर बसणार नाही, असं.

"गाडीवान हसायचे तिला," दाजी म्हणाले. "म्हणायचे, काकू, ह्याच्यावर चाक कुणाचं बसतंय? ती म्हणायची, मह्या दादाचं बसतंय."

त्यांनी खिशातून सुतळी काढली. दाराजवळच्या खिळ्याला अडकवलेली असायची म्हणाले. दोन गाठी. प्रत्येक दगड ठेवताना ती या सुतळीनं मोजायची. मी एक गाठ एका ओळीवर धरली, दाजींनी दुसरी दुसऱ्या ओळीवर. चार बोटांचा फरक नव्हता. एका बोटाचासुद्धा नव्हता.

मग तीच सुतळी मी जीपच्या चाकांना लावली. लावायची गरज नव्हती. मला माहीत होतं किती कमी पडणार ते.

मी जॅक काढला. दाजी दगडावर बसून बघत राहिले. पहिलं चाक काढून रिम परत पहिल्यासारखी करायला घेतली तेव्हा म्हणाले, "आता कामून, मास्तर?" नट घट्ट होते. मी चारही चाकं उलटवली. दुपार गेली. दाजींनी मध्येच उठून जॅकखाली एक फळी सरकवली आणि परत जाऊन बसले.

मग गाडी सुरू केली आणि उतारावर घातली. दोन्ही चाकं दोन्ही ओळींवर चढली आणि जीप नाल्यातून सरळ पलीकडं गेली. कलली नाही, हलली नाही. शेजारच्या गादीकडं मी बघितलं नाही.

त्या वर्षीच्या पंचमीला पाऊस थांबत नव्हता. बायको म्हणाली, कुणाला आणायला जाताय? मी चपला हातात घेतल्या आणि फाट्यावरून चालत गेलो. नाल्यापाशी सगळा चिखल होता, पण दगड जागेवर होते. मी त्यांच्यावरून पाय ठेवत गेलो. दाजींच्या घरी जेवलो. दोन दिवस बसलो. तिनं सांगितलं होतं तसं, दोन दिवस.

जीप अजून आहे. रिमा मी परत उलटवल्या नाहीत. त्यामुळं कच्च्या रस्त्यावर ती एक चाक खाली, एक वर अशी लंगडत चालते आणि गावात हसू होतं. मिस्त्री भेटला की म्हणतो, "मास्तर, उलटी कर देता, किसी भी रस्तेपे नहीं बैठती ये." मी म्हणतो, राहू दे. एका रस्त्यावर बसती.