छबू रांगेत उभी होती

परवा राहुरीत एका अंगणवाडीसमोरून जाताना मूगडाळीच्या खिचडीचा वास आला आणि वीस वर्षांपूर्वीचा राग तसाच्या तसा उफाळून आला.

तेव्हा मी अंगणवाडी सेविका होते. पोरांना रांग शिकवण्यात आठवडा गेला होता. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि काही झालं तरी सोडायचा नाही. त्या दिवशी तपासणीला मॅडम आल्या. खिचडीच्या रांगेत तिसरी होती छबू, ऊसतोडीला आलेल्या जोडप्याची चार वर्षांची पोर.

"हिचं नाव पटावर नाही," म्हणत मॅडमनी तिला दंडाला धरून दाराकडे ओढलं. मागची सगळी पोरं एकमेकांचे खांदे न सोडता तिच्यामागून निघाली.

"हीच शिस्त लावलीत का?" मॅडम कडाडल्या.

मी घाबरून पोरांवरच ओरडले, "सोडा हात!"

मॅडम गेल्यावर छबूला मागच्या दाराशी बसवून, चोरून वाढलं. ती घास न घेताच म्हणाली, "ताई, म्या लाईन न्हाई मोडली."

मॅडमचा संताप अजून येतोच, पण स्वतःचा जास्त येतो. रांग आम्ही दोघींनी मोडली होती, आणि एवढं साधं वाक्य मला त्या पोरीला सांगता आलं नाही.