धुराड्यातली तुळई

पौडच्या पश्चिमेला, डोंगराच्या पोटाशी आमचं गाव. त्या काळी गावात एकट्या आमच्याच घराला धुराडं होतं. बाकीच्यांच्या चुलीचा धूर कौलांच्या फटींतून वाट काढायचा. माझ्या सासऱ्यांनी तरुणपणी खडकीला एका साहेबाच्या बंगल्यावर माळीकाम केलं होतं. तिथल्या स्वयंपाकघरात धूर नसतो, तो विटांच्या नळीतून थेट वर जातो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. गावी परतून घर बांधलं तेव्हा त्यांनी कुणाला न विचारता, स्वतःच्या हातानं चुलीवर विटांचं धुराडं उभं केलं. कौलांच्याही वर पुरुषभर उंच. लांबून येणाऱ्याला ते आधी दिसायचं आणि मग घर. सासऱ्यांना त्याचा फार अभिमान.

माझं लग्न होऊन या घरात येऊन तीन-चार वर्षं झाली असतील. मालक खडकीला कारखान्यात लागले होते, शनिवारी संध्याकाळी पौडपर्यंत एस्टीनं यायचे आणि पुढं चालत. घरात आम्ही तिघंच: सासरे, सासूबाई आणि मी. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांना दमा होता.

मुळशीतला पाऊस कसा असतो ते मुळशीत राहिल्याशिवाय कळत नाही. त्या वर्षी तो दसऱ्यानंतरही रेंगाळला. धुराड्याच्या विटा पाणी पिऊन फुगल्या होत्या. आतली काजळी भिजून चुलीत काळं पाणी टपटपायचं, भाकरीवर पडायचं, तव्यावर चर्रकन उडायचं. चूल पेटवली की निम्मा धूर वर जायचा आणि निम्मा घरात परत यायचा. पावसाळ्यात दारं उघडी ठेवून कसं तरी निभावलं. पण थंडी सुरू झाली की आमच्याकडं गार वारा धरणाच्या पाण्यावरून येतो, हाडात शिरतो. दारं लावावीच लागतात. दारं लावली की धूर, आणि धूर झाला की आत्याबाईंचा खोकला. त्या भिंतीला पाठ लावून, गुडघे छातीशी घेऊन बसून राहायच्या. मी तेलात सैंधव घालून त्यांची छाती चोळायची.

मला तेव्हा सहावा महिना होता. भातकापणी सुरू झालेली. सकाळी भाकऱ्या थापून शेतात जायचं, दिवसभर विळा चालवायचा, परत येऊन गोठा, पाणी, चूल. पाय सुजायचे. रात्री कूस बदलावी एवढंही बळ नसायचं. कुणी काही विचारत नव्हतं आणि मीही सांगत नव्हते. सगळ्याच बायका तशा राबत होत्या, त्यात माझं वेगळं काय सांगायचं?

दरवर्षी दिवाळी झाली की पौडचा एक गवंडी येऊन धुराडं साफ करायचा, निघालेल्या विटा बसवायचा. बाजाराला जाणाऱ्या एकाबरोबर त्याला निरोप पाठवला. बरेच दिवस काही पत्ता नाही. मग एका सकाळी तो आला, आणि बरोबर त्याची बायकोही आली. उंच, हडकुळी, काष्टा घट्ट खोचलेला, डोक्यावर थापी-ओळंब्याची पाटी. गवंड्याचा उजवा हात खांद्यापासून लोंबत होता. पावसाळ्यात एका वाड्याच्या कामावर बांबूच्या परांचीवरून तो पडला होता.

सासरे म्हणाले, "आरं, ह्या हातानं तू वर कसा चढनार?"

"म्या न्हाई चढत आबा. ही चढंल. मी खालनं सांगंन तसं करंल. चार महिनं झालं, हीच करतीया."

सासऱ्यांनी वर धुराड्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "न्हाई जमायचं. खाली माजं देवघर हाय. देवाच्या डोस्क्यावरनं बाईमानूस चालनार? गावात काय त्वांड दावू मी?"

गवंडी मान खाली घालून उभा राहिला. बायकोनं डोक्यावरची पाटी उतरवली नव्हती. तिनं एकदा नवऱ्याकडं पाहिलं आणि माघारी वळायला लागली. तिला सवय असावी. अशी किती दारं तिनं आधी पाहिली असतील कोण जाणे.

तेवढ्यात आतून आत्याबाई बोलल्या. त्यांना एका दमात चार शब्दांच्या वर बोलता येत नसे.

"देवाला रोज माजा खोकला... ऐकू येतोय. बाईचा पाय... एक दिस ऐकू आला... तर काय बिगडंल?"

सासरे म्हणाले, "तू गप ऱ्हा. तुला काय कळतंय."

"धूर माज्या छातीत जातुया. तुमच्या न्हाई." एवढं बोलून त्यांना जी ढास लागली ती थांबेचना. मी पाणी घेऊन धावले. सासरे खळ्याकडं निघून गेले. त्यांनी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. मी त्या बाईला म्हटलं, "मावशी, शिडी गोठ्याच्या मागं हाय."

स्वयंपाकघर रिकामं केलं. मडकी, डबे, तांदळाची कणगी, सगळं ओसरीवर आलं. ते सगळं मीच उचललं. मावशीनं करवंदीच्या काटेरी फांद्यांचा मोठा झुबका दोराला बांधला, त्याला खाली धोंडा लावला आणि कौलांवरून बांबूच्या आधारानं धुराड्याशी गेली. झुबका आत सोडायचा, वर ओढायचा, पुन्हा सोडायचा. खाली चुलीत काजळीचे लोट कोसळायला लागले. चिकट, भिजलेली, डांबरासारखी काजळी. त्यात पाकोळ्यांची घरटी, वाळकी पानं, एक मेलेली खार. मी पाट्या भरून उकिरड्यावर टाकत होते. गवंडी चुलीशी वाकून वर बघत होता, "आजून डाव्या अंगाला, डाव्या अंगाला," असं सांगत होता.

मग काजळीबरोबर विटांचे तुकडे पडायला लागले.

"थांब!" तो ओरडला. "ये खाली."

ती खाली आली. दोघं आतल्या जिन्यानं माळ्यावर गेली. आमच्या माळ्यावर गुरांसाठी कोरडा पेंढा रचलेला असायचा, आढ्यापर्यंत. तो बाजूला सारून तिनं धुराड्याची भिंत बोटांनी ठोकली. एक वीट नुसती हात लावताच निघाली. तिनं आत हात घातला आणि बाहेर काढला तेव्हा तिच्या मुठीत कोळसा होता.

"सूनबाई," ती वरून म्हणाली, "तुमची तुळई जळतीया."

घराची मोठी तुळई सासऱ्यांनी धुराड्याच्या भिंतीत टेकवली होती. तिचं टोक आतपर्यंत गेलेलं. वरचा मातीचा लेप कधीच गळून गेला होता. कितीतरी वर्षं ते टोक रोजच्या आचेनं हळूहळू करपत होतं, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर वाळलेला पेंढा. त्या पेंढ्याखाली आम्ही झोपत होतो.

मी तिथंच पायरीवर बसले. भीती वाटली असं म्हणवत नाही. भीती वाटायलाही अंगात काही शिल्लक लागतं. मनात फक्त आलं, म्हणजे आता हे सगळं पाडावं लागणार. पुन्हा पाट्या, पुन्हा पाणी, पुन्हा माती.

खळ्यावरून सासऱ्यांना बोलावून आणलं. ते माळ्यावर गेले, बराच वेळ वर होते. खाली आले तेव्हा त्यांच्या हाताला कोळसा लागलेला होता. गवंड्यानं समजावून सांगितलं, माळ्यापासून वरचं सगळं उतरवायला हवं, तुळईचं टोक कापून तिला खाली दगडी खांब द्यायला हवा, मग धुराडं पुन्हा चढवायचं. सासरे म्हणाले, "पाड." एवढंच. मग अंगणात जाऊन गाईच्या पाठीवरून हात फिरवत उभे राहिले.

काम बरेच दिवस चाललं. चूल अंगणात आली, तीन दगडांची. सकाळी दव पडलेलं असायचं, लाकडं दमट, फुंकून फुंकून डोळ्यांपुढं अंधारी यायची. आत्याबाईंचं अंथरूण गोठ्यात टाकलं, गुरांची ऊब असते म्हणून. धूर नव्हता, त्यामुळं त्या तिथं आश्चर्य वाटावं इतक्या शांत झोपायच्या. मी मात्र सकाळी शेतात, दुपारनंतर चुना कालवायला पाणी वाहायला. मावशी वर विटा लावायची, गवंडी डाव्या हातानं ओळंबा धरून भिंत सरळ चढतेय का ते खालून बघायचा. मधूनच तो चिडायचा. आपल्याला येतं ते दुसऱ्याच्या हातानं करून घ्यायचं म्हणजे किती जाच होत असेल. ती उलटून बोलायची नाही. वीट काढायची, पुन्हा लावायची.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सासरे शेतातून लवकर परत आले. उतरवलेल्या विटांजवळ बसले आणि एकेका विटेवरचा जुना चुना खरवडू लागले. चांगल्या विटा एकीकडं, फुटक्या एकीकडं. मावशीला वर विटा हव्या असल्या की तेच शिडीनं नेऊन द्यायचे. देवाच्या डोक्यावरून चालण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

एका दुपारी मावशी जेवायला खाली आली. गवंडी लिंबाखाली आडवा झाला होता. आम्ही दोघी कुडाच्या सावलीत बसलो. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. तिचे हात चुन्यानं भाजून फाटले होते. घास मोडताना ती बोटं जपत होती. मी तेलाची वाटी पुढं केली. तिनं तेल चोळलं आणि माझ्या पायांकडं बघितलं.

"लई सुजल्यात की गं. दमलीस व्हय?"

बस, एवढंच विचारलं. माझ्या डोळ्यांतून पाणी कधी यायला लागलं ते मला कळलंच नाही. तिनं मला जवळ घेतलं नाही की समजूत घातली नाही. भाकरी खात राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "मीबी दमलीया. पर कुनाला सांगायचं? त्यो पडला त्या दिसापास्नं त्यो नुसता गप. त्याच्या म्होरं दमले म्हनायला जीव हुत न्हाई."

"मग काय करता?"

"काय न्हाई. वर चडले की जरा बसते. तितं कोन बगत न्हाई. लांबपत्तर डोंगार दिसत्यात."

मग तिनं हात धुतला, काष्टा सारखा केला आणि शिडी चढली.

धुराडं पुरं झालं. चुना वाळायला काही दिवस दिले. मालकही शनिवारचे आले होते, झोडणीसाठी दोन दिवस रजा काढून. आत्याबाईंना हात धरून आत आणलं, भिंतीशी बसवलं. सासऱ्यांनी चुलीला हळदकुंकू वाहिलं आणि मी काड्या पेटवल्या. धूर वर चढला, जरा थांबला, आणि भसाभसा सगळाच्या सगळा परत घरात आला. आत्याबाईंना ढास लागली. मालकांनी त्यांना उचलूनच बाहेर नेलं. मी चुलीत पाणी ओतलं.

गवंडी पांढराफटक पडला. "ओळंब्यात हुतं," तो म्हणत राहिला. "सगळं ओळंब्यात हुतं. म्या सोता बगितलं."

मावशी ओसरीवर मटकन खाली बसली. तोंड पदरात झाकलं. मला वाटलं, आता ही रडणार. मग एकदम पदर काढून म्हणाली, "पोतं!"

वर बांधकाम करताना चुना खाली पडू नये म्हणून तिनं धुराड्याच्या गळ्यात पोतं कोंबलं होतं. ते काढायचंच राहिलं होतं. ती धावत आत गेली, ओल्या राखेत गुडघे टेकून खांद्यापर्यंत हात वर घातला आणि हिसका दिला. पोतं, त्याच्यावरचा चुना, विटांचा चुरा, सगळं तिच्या डोक्यावर आलं. ती बाहेर आली तेव्हा फक्त डोळे दिसत होते. गवंड्यानं तिच्याकडं पाहिलं आणि तो हसायला लागला. हसता हसता त्याला उभं राहवेना, त्यानं खांबाला धरलं. ती म्हणाली, "हास. चार महिन्यांनी हासलास." आणि मग तीही हसली. सासरेसुद्धा हसले. मी हसले की नाही आठवत नाही. हसणंही मला जड झालं होतं.

दुसऱ्यांदा चूल पेटवली. या वेळी धूर सरळ वर गेला. आम्ही अंगणात येऊन पाहिलं. गार हवेत तो निळसर दोरासारखा उंच गेला आणि धरणाच्या बाजूला वळला.

त्या हिवाळ्यात आत्याबाई घरात झोपल्या. दमा गेला नाही, तो जाणार नव्हताच. पण भिंतीला टेकून बसायच्या रात्री कमी झाल्या. नातवाला त्यांनी मांडीवर खेळवलं, त्यानंतर आणखी दोन पावसाळे काढले. गवंडी आणि त्याची बायको पुढं दर दिवाळीनंतर येत राहिली. नंतर ती एकटीच यायची. आजूबाजूच्या गावांतली कामंही तिला मिळायला लागली होती, आणि लोक तिला गवंडीणबाई म्हणायला लागले होते. तिच्या बोटांवरच्या भेगा मात्र कधी भरल्या नाहीत.

चूल पेटली त्याच्या दुसऱ्या दिवशी खळ्यावर भाताची झोडणी होती. मी भाकऱ्या टोपलीत भरल्या, टोपली डोक्यावर घेतली आणि उंबऱ्यात मला घेरी आली. आत्याबाईंनी भिंतीशी बसल्या बसल्या पाहिलं. म्हणाल्या, "टोपली ठेव खाली." मालकांना हाक मारली, "भाकऱ्या तूच ने." मग मला म्हणाल्या, "नीज."

मी टोपली धरूनच उभी राहिले. दिवसाढवळ्या सुनेनं झोपायचं?

"नीज म्हनले न्हवं. चूल मी बगते. आता धूर न्हाई."

त्यांच्याच घोंगडीवर मी आडवी झाले. दुपार गेली, गुरं परत आली, कुणीतरी अंगणात भात उफणत होतं, ते सगळं मला लांबून ऐकू येत होतं. कुणी उठवलं नाही.