पुढचं सीट

किल्लारीच्या स्टँडवर जीप नंबरात लागली की रामलिंग इंजिन बंद करायचा आणि हात खिशात. सीटं भरेपर्यंत मोबाईलवर रमी. एकदा तर या शहाण्यानं चालत्या गाडीत खेळताना जीप शेतात घातली. कुणाला खरचटलं नाही, पण शेजारी बायको होती. सिंधु तशीच देवणीला माहेरी गेली. "खेळ सुटला म्हणून आबा सांगतील, तेव्हाच येईन," सासऱ्यांचं नाव पुढं करून म्हणाली. नवऱ्याच्या शपथांवर तिचा काडीचा भरवसा उरला नव्हता.

त्यानं गेम काढून टाकला. तरी लातूरच्या मनोविकारांच्या डॉक्टरीणबाईंपुढं रडकुंडीला आला. "मॅडम, इंजिन बंद केलं की हात खिशातच जायलाय."

"जाणारच. गिअर टाकताना विचार करता का? मेंदू हेही तसंच शिकलाय. ते पुसलं जात नाही. त्याच जागी, त्याच वेळी हाताला दुसरं शिकवा. रोज."

सोबत आबा, म्हणजे त्याचे वडील दगडोबा होते. ते हसले. "आमच्या बैलावानी म्हणा की. भूकंपानंतर गाव इकडं वसलं, पर बैल सांजच्याला जुन्या गोठ्याकडंच वळायचा. लई दिवस दावं धरून नव्या घरी आणला. मारला न्हाई कधी."

दुसऱ्या दिवसापासून म्हातारा जीपच्या पुढच्या सीटवर. इंजिन बंद झालं की लेकाच्या मांडीवर ओंजळभर भुईमुगाच्या शेंगा ठेवायचा. "फोड." बाकीचे ड्रायव्हर फिदीफिदी हसायचे. रामलिंगला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण फोडायचा.

उन्हाळा सरला. एका सकाळी आबा न सांगताच कुठंतरी गेले. स्टँडवर शेजारच्या ड्रायव्हरनं आपला मोबाईल पुढं केला. "आज मास्तर सुट्टीवर हाय. घे, एक डाव."

रामलिंगचा हात आपोआप पुढं झाला. मोबाईल हातात आलासुद्धा. मग पुढच्या सीटवरची कालची टरफलं दिसली. त्यानं मोबाईल परत दिला, हातगाड्यावरून शेंगा आणल्या आणि फोडत बसला.

दुपारी देवणीच्या एसटीतून आबा उतरले. मागं सिंधु.

"आबा," रामलिंग खाली मान घालून म्हणाला, "आज मोबाईल हातात आला होता."

"मंग?"

"परत दिला."

"बैलबी जुन्या वाटेला लागून मधूनच माघारी वळायचा," आबा म्हणाले.

तिथंच, सगळ्या ड्रायव्हरांदेखत, रामलिंग बापाच्या पाया पडला. या माणसाचे उपकार कसे फेडायचे, त्याला कळेना. सिंधु पुढं बसली, सीटवरच्या उरलेल्या शेंगा घेऊन फोडू लागली. म्हातारा मागच्या सीटवर जाऊन बसला.